संशय, अफवा आणि हरवलेले मूल

(कोथरूड येथे पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या एकत्रित मेळाव्यात एका निवृत्त वकिलांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आजच्या विषयाचे निमंत्रण आले तेव्हा मी आयोजकांना म्हटले, या विषयावर बोलण्याचा अधिकार मला वकिलीने दिलेला नाही, एका अपराधाने दिलेला आहे. तो अपराध माझा स्वतःचा आहे. म्हणून आरंभ त्याच्यापासूनच करतो.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमची सोसायटी येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेथील पाचवीत शिकणारा एक मुलगा शिकवणीहून दोन तास उशिरा घरी आला. शर्टाची बाही फाटलेली, चेहरा पांढराफटक. त्याने सांगितले की दोन माणसांनी आपल्याला पांढऱ्या गाडीत ओढले, आपण हाताचा चावा घेऊन निसटलो. अर्ध्या तासात हा निरोप सोसायटीतील प्रत्येक भ्रमणध्वनीवर पोहोचला. मीही तो चार गटांना पाठवला. मुलाच्या आईशी एक शब्द बोललो नव्हतो, पोलिसांना कळवले आहे की नाही हेही विचारले नव्हते. तरीही शेवटी ‘सत्य घटना, सर्वांना पाठवा’ ही ओळ मीच जोडली.

त्याच वेळी फाटकाशी एक भंगारवाला हातगाडी घेऊन उभा होता. गेली सहा-सात वर्षे तो आमच्याकडची रद्दी नेतो. तरुणांनी त्याला घेरले, गाडी उलटी केली, दोन-चार थपडा मारल्या. मी सज्जात उभा राहून पाहत होतो. खाली उतरलो नाही.

रात्री वारे फिरले. कोणी म्हणाले, गाडीचा क्रमांक कसा दिसला नाही? कोणी म्हणाले, चाचणी परीक्षेचे गुण त्याच दिवशी मिळाले होते म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावरचा निकाल लागला : सगळे नाटक आहे, आईवडिलांनीच प्रकरण वाढवले. ज्यांनी काल भंगारवाल्याला मारले, त्यांच्यातलेच काही जण आज त्या आईकडे पाहून हसत होते. ती बिचारी दोन दिवस जिना उतरली नाही.

तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातील एक महिला अधिकारी आल्या. साध्या वेशात. त्यांनी वाटेवरच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांचे चित्रण आधीच पाहिले होते. मुलाशी त्या तासभर एकट्या बोलल्या. गाडी नव्हती, माणसे नव्हती. परंतु शिकवणीच्या कोपऱ्यावर मोठ्या वर्गातली तीन मुले महिनाभर त्याच्याकडून पैसे उकळत होती. त्या दिवशी पैसे नव्हते, म्हणून त्यांनी त्याला एका बंद दुकानामागे अडवून ठेवले आणि घरी सांगितलेस तर पाहा, असा दम दिला. खरे सांगण्याचे धैर्य नव्हते, म्हणून पोराने निरोपांतून ऐकलेली पांढरी गाडी उभी केली.

मित्रहो, कथा खोटी होती, पण भीती खरी होती. पहिल्या दिवशी आम्ही कथा जशीच्या तशी गिळली आणि एका निरपराध माणसाला मारले. दुसऱ्या दिवशी आम्ही कथेबरोबर भीतीही फेकून दिली आणि एका आईला मारले, फक्त हाताने नव्हे. दोन्ही दिवशी आम्हाला आपण सुजाण आहोत असेच वाटत होते. मुलाचे अपहरण झाल्याची बातमी आली आणि ती खरी की खोटी अशी कुजबुज सुरू झाली, तर समाज म्हणून आपण कसे वागावे, हा आजचा प्रश्न आहे.

आधी संशयाच्या बाजूने पाहू. संशय हा पुणेकरांचा स्थायीभाव आहे असे आपण कौतुकाने म्हणतो. पण याच शहरात, याच कर्वे रस्त्यावर, पन्नास वर्षांपूर्वी काय घडले ते आठवा. जानेवारी १९७६ मध्ये जक्कल आणि त्याच्या साथीदारांनी आपल्याच एका महाविद्यालयीन मित्राला फसवून कर्वे रस्त्यावरील एका पत्र्याच्या शेडमध्ये नेले. तो एका हॉटेलचालकाचा मुलगा होता. त्याच्याकडून त्यांनी एक चिठ्ठी लिहून घेतली, आपण स्वतःहून घर सोडून जात आहोत अशी. त्याच रात्री त्याचा गळा आवळून प्रेत पेशवे उद्यानाच्या तळ्यात बुडवले, आणि मग वडिलांकडे खंडणी मागितली. पुढे ऑक्टोबर आणि डिसेंबर १९७६ मध्ये जोशी आणि अभ्यंकर या दोन कुटुंबांची हत्या झाली. तळ्यातले प्रेत मिळाले ते १९७७ मध्ये आरोपी पकडले गेल्यावर. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघांना येरवड्यात फाशी झाली.

या सभागृहातील ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना संध्याकाळी सातनंतर ओस पडणारे रस्ते आठवत असतील. मला आठवते ती चिठ्ठी. गुन्हेगाराने ती का लिहून घेतली? कारण त्याला आपला स्वभाव ठाऊक होता. तरुण मुलगा घरातून नाहीसा झाला की ‘गेला असेल कुठे, येईल परत’ असे आपण सहज म्हणतो. आपला संशय हेच त्या अपहरणकर्त्याचे हत्यार होते.

दुसरे उदाहरण दिल्लीजवळच्या निठारीचे. २००५ आणि २००६ या काळात तेथून मुले एकामागून एक नाहीशी होत होती. आईबाप मोलमजुरी करणारे, बहुतेक परगावाहून पोटासाठी आलेले. ते तक्रार घेऊन जात, तेव्हा मुलगी कुणाबरोबर पळून गेली असेल, असे सांगून त्यांना परत पाठवले जाई. २९ डिसेंबर २००६ रोजी एका बंगल्यामागच्या नाल्यातून सांगाडे निघू लागले, तेव्हा देश हादरला. पुढे काय झाले? अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तपासातील ढिसाळपणावर कठोर ताशेरे ओढून आरोपींना निर्दोष सोडले आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शेवटचे प्रकरणही त्याच वाटेने गेले. ती मुले कोणी मारली, या प्रश्नाला न्यायालयात सिद्ध झालेले उत्तर आज नाही. आरंभीच्या महिन्यांत गरीब आईबापांवर जो अविश्वास दाखवला गेला, त्याची किंमत अशी चुकती झाली. पुरावा वाट पाहत थांबत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही गावित मायलेकींचे प्रकरण घडले. १९९० ते १९९६ या काळात गरिबांची लहान मुले पळवून, चोऱ्या करताना त्यांचा वापर करून, नकोशी झाली की त्यांना मारून टाकण्यात येत होते. तेरा मुलांच्या अपहरणाचा आरोप त्यांच्यावर होता. देवळाच्या गर्दीतून, बसस्थानकावरून नाहीशी झालेल्या या मुलांची कुजबुजसुद्धा आपल्यासारख्यांच्या कानावर आली नव्हती. अखेर एका आईच्या तक्रारीने त्या सापडल्या. त्या तक्रारीला कोणी ‘नाटक’ म्हटले असते तर आणखी किती मुले गेली असती?

म्हणूनच कायद्याने आता एक निःसंदिग्ध भूमिका घेतली आहे. १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की मूल हरवल्याची तक्रार आली, की ते अपहरण किंवा मानवी तस्करी आहे असेच गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा, तसे नाही हे तपासातून सिद्ध व्हावे. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिताकुमारी प्रकरणात निर्णय दिला की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम माहिती अहवाल नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. हे ललिताकुमारी प्रकरणसुद्धा एका अल्पवयीन मुलीच्या अपहरणाचेच होते. तिच्या वडिलांची तक्रार नोंदवून घेतली जात नव्हती. आज देशातला कोणताही नागरिक ज्या निर्णयाच्या आधारे ठाण्यात ठामपणे उभा राहतो, तो निर्णय एका अशा बापाने मिळवून दिला आहे, ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हते.

येथे कोणी विचारील, मग खोट्या तक्रारी नसतातच का? असतात. इंग्लंडमधील ड्यूसबरी या गावात फेब्रुवारी २००८ मध्ये एक नऊ वर्षांची मुलगी शाळेतून परतताना नाहीशी झाली. आई दूरचित्रवाणीवर रडली. शेजारी रात्र रात्र शोधत हिंडले. २४ दिवसांनी ती मुलगी आईच्या जोडीदाराच्या एका नातेवाइकाच्या घरात पलंगाच्या पोकळीत सापडली. बक्षिसाच्या लोभाने आईनेच हा बनाव रचला होता. तिला आणि त्या नातेवाइकाला आठ-आठ वर्षांची शिक्षा झाली. पण ध्यानात घ्या, बनाव असला तरी मूल खरे होते, संकटातही खरेच होते. ‘आईच खोटी दिसते’ म्हणून शोध थांबवला असता तर त्या मुलीचे काय झाले असते?

याच्या उलट ऑस्ट्रेलियाची कथा. ऑगस्ट १९८० मध्ये उलुरू या प्रचंड खडकाजवळ मुक्कामास असलेल्या एका कुटुंबाचे नऊ आठवड्यांचे बाळ तंबूतून नाहीसे झाले. रानकुत्र्याने, ज्याला तेथे डिंगो म्हणतात, बाळ नेले असे आई लिंडी चेंबरलेन सांगत होती. लोकांना पटेना. ती पुरेशी रडत नाही, असे म्हटले गेले. ती एका छोट्या धर्मपंथाची, म्हणून बाळाचा बळी दिला अशी कंडी पिकली. बाळाच्या नावाचा अर्थ ‘अरण्यातला बळी’ असाही कोणी शोधून काढला, जो साफ खोटा होता. १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली. १९८६ मध्ये बाळाचे झबले रानात सापडले आणि ती सुटली. डिंगोनेच बाळ नेले, असा अधिकृत निष्कर्ष नोंदला गेला तो २०१२ मध्ये. बत्तीस वर्षांनी! ही आई का संशयास्पद ठरली? तिचे दुःख लोकांच्या अपेक्षेप्रमाणे दिसले नाही म्हणून. दुःखाचा चेहरा पाहून सत्य ठरवणे हा किती घोर अन्याय आहे, हे यावरून समजावे.

जानेवारी २०२२ मध्ये आपल्या पुण्यात, बालेवाडीहून एक चार वर्षांचा मुलगा पळवला गेला. आठव्या दिवशी तो पुनावळ्यात सुखरूप सापडला. तो दिवस पुण्याने सणासारखा साजरा केला. पण मधल्या दिवसांत आमच्या बाकावर काय चालले होते? खंडणी का मागितली नाही, घरातलेच कोणी असेल, काहीतरी पाणी मुरते आहे. आणि मूल परत आल्यावर, मग त्याने सोडले तरी का? ज्या घरातील दिवा विझतो की राहतो याची शाश्वती नव्हती, त्या घराविषयी आम्ही चहा पिता पिता कोडी सोडवत होतो. तपासात प्रश्न विचारणे हे पोलिसांचे कर्तव्यच आहे. घरातल्यांचीही चौकशी त्यांना करावीच लागते. परंतु तपासातला प्रश्न उत्तरापर्यंत जातो. बाकावरचा प्रश्न फक्त त्या घराच्या दारापर्यंत जातो आणि तेथे घाण करून परततो.

आता नाण्याची दुसरी बाजू. संशय वाईट म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवावा काय? १ जुलै २०१८ ची राईनपाड्याची घटना त्याचे उत्तर देते. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचे हे गाव. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे, बहुतेक मूळची सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातली, पिढ्यान्पिढ्या भिक्षा मागत फिरणारी. आठवडी बाजाराच्या दिवशी मुले पळवणारी टोळी म्हणून जमावाने त्यांना ठेचून मारले. त्या महिन्यांत देशभर एक चित्रफीत फिरत होती, दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात अशी. ती मुळात पाकिस्तानातील कराचीच्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. तिचा शेवट असा होता की मूल परत आणून ठेवले जाते आणि संदेश दाखवला जातो. कोणीतरी तो शेवट कापला. एवढे पुरले. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घातले, आणि १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसाचाराविरुद्ध मार्गदर्शक सूचना दिल्या.

पुणेकरांना हे नवे वाटू नये. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा ‘ध’चा ‘मा’ झाला असे परंपरा सांगते. एक अक्षर बदलले आणि धरण्याऐवजी मारणे झाले. आज अक्षरही बदलावे लागत नाही. शेवट कापला की भागते.

१६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे काय झाले, ते आपण सारे जाणतो. जुना आखाड्याचे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक. एका अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघालेले. टाळेबंदीच्या रात्री, मुले चोरणारे आले आहेत या अफवेवर, पोलिसांच्या डोळ्यांदेखत तिघांची हत्या झाली. त्या वृद्ध साधूचे पोलिसाचा हात धरून चालणे ज्याने पाहिले, त्याला ते विसरता येणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यातील लवंगा येथे उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना असाच मार बसला. पंढरपूरकडे निघालेल्या त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, हाच अपराध. सुदैवाने ते वाचले. आणि त्यांनी तक्रार न करता पुढची वाट धरली.

‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उपरोधाने केली. आपल्या पिढीने ती शब्दशः खरी करून दाखवली.

एक कटू गोष्टही सांगतो, कारण ती आपल्याच घरात सांगायला हवी. गडचिंचलेच्या घटनेनंतर हल्लेखोर कोण होते, याविषयीही अनेक निरोप फिरले आणि अटक झालेल्यांची यादी प्रसिद्ध झाल्यावर त्यांतले पुष्कळ खोटे ठरले. दुःख आपले होते, संताप न्याय्य होता. तरी पडताळणीची जबाबदारी सुटत नाही. अफवेने मारल्या गेलेल्या साधूंना दुसऱ्या अफवेने न्याय मिळत नसतो.

आणि मारले जातात ते कोण, हेही पाहा. डवरी गोसावी, साधू, भंगारवाला, बोहारीण, फुगेवाला. ज्याला पक्के घर नाही, ज्याची भाषा वेगळी आहे, ज्याची ओळख सांगायला जवळ कोणी नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आपल्या नजरेतून तो अजून गेला नाही. यमगरवाडीला गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारधी मुलांची शाळा उभी केली, तेव्हा पहिली लढाई अक्षरांशी नव्हती, या नजरेशीच होती. दारावर सकाळी येणाऱ्या वासुदेवाला जो समाज दान देत असे, तोच आज त्याला ओळखपत्र विचारतो. समरसतेची भाषणे आपण पुष्कळ करतो. तिची परीक्षा फाटकाशी होते, अफवेच्या दिवशी.

मग करायचे काय? मी वकील होतो, म्हणून व्यवहाराचे चार शब्द सांगतो.

पहिले, मूल दिसेनासे झाले तर ‘थोडी वाट पाहू’ म्हणू नका. चोवीस तास थांबावे लागते हा निव्वळ गैरसमज आहे. ११२ वर किंवा मुलांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर त्वरित कळवा, ठाण्यात जा, नोंद करून घ्या. घटना कोणत्याही हद्दीतली असो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार कोणत्याही ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते.

दुसरे, तक्रारीविषयी शंका असेल तर ती पोलिसांना सांगा, शेजाऱ्याला नव्हे. तुम्ही काही पाहिले असेल, एखादी वेळ जुळत नसेल, तर ती माहिती मोलाची आहे. बुद्धिपुरस्सर खोटी माहिती देणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम २१७ आहे, खोटा आरोप करणाऱ्यासाठी कलम २४८ आहे. ते न्यायालयाने लावायचे आहे. बाकाला तो अधिकार नाही.

तिसरे, निरोप पुढे पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा : तारीख आहे का, ठिकाण आहे का, कोणत्या ठाण्यात नोंद आहे. तिन्ही नसतील तर तो निरोप तुमच्यापाशीच संपू द्या. मूल सापडल्यावर त्याचे छायाचित्र काढून टाका. सापडलेल्या मुलाला आयुष्यभर ‘पळवलेला मुलगा’ म्हणून जगायचे नसते.

चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे : मूल काही सांगू लागले तर ते पूर्ण ऐका. त्याची उलटतपासणी करू नका आणि त्याच्या तोंडी शब्दही घालू नका. मुले खोटे सांगतात, तेव्हा बहुधा काहीतरी खरे लपवत असतात. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आपण पोराला शहाणपण शिकवण्यासाठी सांगतो. पण त्या गोष्टीच्या शेवटी लांडगा खरोखर आला होता, आणि गावकरी गेले नव्हते.

आता शेवटचे. त्या महिला अधिकाऱ्यांनी ज्या दिवशी आम्हाला खरे काय ते सांगितले, त्या संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. आई दार उघडून नुसती उभी राहिली. मी म्हणालो, ‘वहिनी, तो निरोप मी पाठवला होता, आणि नंतर बाकावर हसणाऱ्यांत मी गप्प बसलो होतो.’ त्या एवढेच म्हणाल्या, ‘काका, तुम्ही पहिल्याच दिवशी वर आला असतात तर बरं झालं असतं.’ एवढ्या सौम्य शब्दांत एवढी मोठी शिक्षा मला कोणत्याही न्यायालयात ऐकायला मिळाली नव्हती.

भंगारवाल्याकडे जायला मात्र मला उशीर झाला. तो आमच्या गल्लीत पुन्हा आला नाही. मी दोन-तीन गोदामांत विचारले. नावाने विचारावे तर सहा-सात वर्षांत मी त्याचे नाव विचारलेच नव्हते. आमच्या घरची रद्दी अजून सज्जाच्या कोपऱ्यात रचलेली आहे. ती मी दुसऱ्या कोणाला दिलेली नाही.

आपल्यापैकी कोणाच्या दाराशी असा एखादा माणूस येत असेल, तर आज घरी गेल्यावर नव्हे, उद्या तो आला की त्याचे नाव विचारा. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, त्याच्यावर हात उचलणारा जमाव दिसला तर जिना उतरावासा वाटतो. एवढेच सांगायचे होते.